मगर एकाची, पाणी दुसऱ्याचं, मग मासा कोणाचा?

भांडुपला राहणाऱ्या माणसाचं एक बरं असतं, एका बाजूला नॅशनल पार्कचा डोंगर आणि दुसऱ्या बाजूला ठाण्याची खाडी, मध्ये आम्ही, रेल्वे आणि ट्रॅफिक. गेल्या महिन्यात आमच्या मागच्या गेटवरच्या कॅमेऱ्यात बिबट्या दिसला. पंधरा सेकंदांची क्लिप. येतो, कचऱ्याच्या डब्याजवळ थांबतो, कुत्र्याचा वास घेतल्यासारखं करतो आणि भिंतीवरून निघून जातो. रात्री अडीचला वॉचमन काकांनी मला उठवलं कारण मी कमिटीत आहे, आणि मग आम्ही दोघांनी फोन लावायला सुरुवात केली. पहिल्या ठिकाणी सांगितलं की प्राणी गेला ना, मग आता आमचं काय काम, कचरा उचलायला दुसरीकडे सांगा. दुसऱ्या ठिकाणी सांगितलं की सोसायटीच्या आतला कचरा आमच्याकडे येत नाही. तिसऱ्याने फोन घेऊन अतिशय सभ्यपणे पहिल्याचाच नंबर दिला. कुठली ऑफिसं ते लिहीत नाही, त्यातल्या कुणीही खोटं बोललं नाही आणि खरी अडचण तीच आहे, तिघंही आपापल्या जागी बरोबर होते.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर अर्ज फिरायला लागला. मुंबईतलं जंगल, तलाव, खाडी, प्राणी, मासे सगळं मिळून 'एकच प्राधिकरण' करा, खाली सही करा. लगेच दोन पार्ट्या पडल्या. एक म्हणे सगळं वन खात्याला देऊन टाका, बाकीचे सगळे बिल्डरला विकले गेलेत. दुसरी म्हणे वन खातं आलं की नळाची लाइनसुद्धा टाकता येत नाही, त्यापेक्षा महापालिकेकडे द्या, निदान नगरसेवकाला धरता येतं. तीन दिवस हे चाललं, मीम्स आले, एकाने ग्रुप सोडला. मी सही केली नाही, आणि का केली नाही ते नीट लिहायचं ठरवलं, कारण व्हॉट्सअॅपवर लिहिलं की लोक अंगठा दाखवून पुढे जातात.

माझं म्हणणं असं की दोन्ही पार्ट्या चुकीच्या प्रश्नावर भांडतायत. ताबा कोणाचा यावर भांडून काहीही सुटणार नाही, कारण प्राणी आणि मासे ताबा बघून फिरत नाहीत आणि आपली खाती ताबा बघितल्याशिवाय हलत नाहीत. नवीन प्राधिकरणही नको आणि एकाच खात्याच्या गळ्यात सगळं बांधणंही नको. आहेत त्या खात्यांना एकमेकांशी लेखी करार करायला लावा. कोण काय करणार, किती दिवसात, कोणाच्या पैशातून, आणि नाही केलं तर कोणाला विचारायचं, हे कागदावर आणि तो कागद लोकांसमोर. कंटाळवाणी मागणी आहे ही, मान्य. मोर्चाच्या बॅनरवर मावत नाही.

विहार तलावच घ्या. नॅशनल पार्कच्या पोटात आहे. आजूबाजूचं जंगल वन खात्याचं, पाणी महापालिकेचं, म्हणजे जलअभियंत्याच्या ताब्यात. पाण्यात मगरी आहेत, मगर वन्यजीव कायद्याच्या पहिल्या, सगळ्यात कडक संरक्षणाच्या परिशिष्टात, म्हणजे ती परत वन खात्याची. आणि त्याच पाण्यातला मासा? चोरून जाळं टाकणाऱ्याला पकडायचं कोणी, पाणी खात्याच्या सुरक्षारक्षकाने की फॉरेस्ट गार्डने? कोणी घरातल्या टाकीतला कंटाळा आलेला सकर मासा आणून सोडला, किंवा केंद्राने २००० साली ज्यावर बंदी घातली तो आफ्रिकन मांगूर कुठल्या नाल्यातून आत शिरला, तर त्याचं काय करायचं हे ज्याला कळतं ते मत्स्यव्यवसाय खातं तर या चित्रात कुठेच नाही. एका तळ्यावर दोन खाती, तिसरं बाहेरच, आणि माशाला वाली नाही.

आता यावर 'एकच प्राधिकरण'वाले म्हणतील, बघा, आम्ही हेच म्हणतोय. थांबा जरा. विहार १८६० साली पूर्ण झाला, शेजारचा तुळशी तलाव १८७९ साली, तेव्हा नॅशनल पार्क हा शब्दही आपल्याकडे कोणी ऐकला नव्हता. मुंबईला प्यायला पाणी नव्हतं म्हणून ही तळी बांधली आणि पाणी स्वच्छ राहावं म्हणून आजूबाजूचा डोंगर मोकळा ठेवला, वस्ती होऊ दिली नाही. आज ज्या १०० चौरस किलोमीटरच्या जंगलाचा आपण अभिमान बाळगतो, त्यातला गाभा टिकला तो कुणाला बिबट्याची माया होती म्हणून नाही, पाणी खात्याला गढूळ पाणी नको होतं म्हणून. म्हणजे जंगल वाचवण्याचं काम एका बिगर-जंगल खात्याने केलं, स्वतःच्या स्वार्थापोटी केलं आणि शंभर वर्षं चोख केलं. हा स्वार्थ काढून घेऊन तुम्ही त्या तलावाचा ताबा उद्या दुसऱ्या कुणाला दिलात तर तो स्वार्थ कुठून आणणार? खात्यांचे वेगवेगळे स्वार्थ हे नेहमीच संकट नसतं, कधी कधी तेच राखण करतात.

आणि हे तुकडे कोणा आळशी बाबूने केलेले नाहीत, ते थेट घटनेत आहेत. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने जंगल आणि वन्यप्राणी राज्यांच्या यादीतून उचलून समवर्ती यादीत टाकले, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांचे. मासे मात्र राज्याच्या यादीतच राहिले. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांच्या पलीकडे गेलं की मासेमारी केंद्राची. १९२७ चा वन कायदा राखीव जंगलात मासे मारण्यावर, पाण्यात विष टाकण्यावर नियम करतो. १९८१ चा महाराष्ट्राचा सागरी मासेमारी कायदा जाळी आणि बोटी बघतो. २००६ चा वनहक्क कायदा जंगलातल्या पाण्यातल्या माशांवर तिथल्या लोकांचा सामुदायिक हक्क मानतो. आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या परिशिष्टात पहिला मासा शिरला तो व्हेल शार्क, २००१ साली, म्हणजे जवळजवळ तीस वर्षं कायद्याच्या लेखी संरक्षण द्यावं असा एकही मासा देशात नव्हता. (आणखी एक गंमत, मंत्रालयात कृषी, पशुसंवर्धन, दुग्धव्यवसाय आणि मत्स्यव्यवसाय अशी एकाच विभागाची लांबलचक पाटी वर्षानुवर्षं आहे, म्हणजे आरे कॉलनीच्या गोठ्यातली म्हैस आणि ससून डॉकचं पापलेट एकाच छपराखाली, आणि आरेतला बिबट्या भलतीकडे.) हे सगळं मोडून एक प्राधिकरण करायला घटनादुरुस्ती आणि पाच-सहा कायदे बदलावे लागतील. तोपर्यंत आमच्या गेटवर बिबट्याची नातवंडं येऊन जातील.

पण समोरच्यांचा सगळ्यात जोरदार मुद्दा मी टाळणार नाही. एका हातात ताबा आल्याने फायदा होतो हे महाराष्ट्रात सिद्ध झालंय, आणि तेही आमच्याच खाडीत. कांदळवनं, म्हणजे खारफुटीची जंगलं, आधी कोणाचीच नव्हती, महसूलची होती, सिडकोची होती, खाजगी होती, भराव टाकणाऱ्याची होती. २००५ साली हायकोर्टाने तोड थांबवायचा आदेश दिला, २०१२ साली वन खात्यात वेगळा कांदळवन कक्ष निघाला, जमिनी हळूहळू वन खात्याकडे यायला लागल्या. केंद्राच्या वन सर्वेक्षणाच्या २०१३ च्या अहवालात राज्याचं कांदळवन १८६ चौरस किलोमीटर होतं, २०२१ च्या अहवालात ३२४. यातली काही वाढ नकाशे सुधारल्याने दिसते हे धरलं तरी बाकीचं थोडं नाही. मी स्वतः भांडुप पंपिंग स्टेशनकडे पंधरा-वीस वर्षं जातोय, डोळ्याला फरक दिसतो. तेव्हा ज्याने हे केलं त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं, आणि जो म्हणतो की जबाबदार एकच खातं असेल तर कॉलर धरता येते, तो काही मूर्ख नाही.

फक्त पुढचं पण बघा. एका खात्याला झाडाचा ताबा दिला, झाड वाढलं. पण खाडी म्हणजे फक्त झाड नाही. आमच्या बाजूला खाडी गाळाने उथळ होत चाललीये आणि जिथे ओहोटीला उघडा चिखल असायचा तिथे आता कांदळ पसरतोय. फ्लेमिंगोला काय लागतं, तर उघडा चिखल. कोळ्याला काय लागतं, तर होडी जाईल एवढं पाणी. २०१५ साली याच खाडीतलं सुमारे १६९० हेक्टर फ्लेमिंगो अभयारण्य झालं, २०२२ साली रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा झालं, बोर्ड लागले, ऐरोलीहून बोटी सुटायला लागल्या, लोक सेल्फी काढून आले. पण गाळ कुठून येतो, सांडपाणी कोण सोडतं, पुलाच्या खांबांनी प्रवाह कसा बदलला, हे अभयारण्याच्या हद्दीत बसत नाही, ते महापालिका, प्रदूषण मंडळ, पूल बांधणारे यांच्याकडे. म्हणजे झाड मोजणाऱ्याचा रिपोर्ट फर्स्ट क्लास आणि त्याच चिखलात निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, पकडणारी बाई रिकाम्या टोपलीने परत. ताबा मिळाल्याने ताब्यातली गोष्ट सुधारते, शेजारची नाही. आणि निसर्गात सगळं शेजारीशेजारीच असतं हो.

बिबट्याचंही तेच. २००२ ते २००४ मध्ये पार्कच्या आजूबाजूला बिबट्यांचे हल्ले झाले, २००४ च्या पावसाळ्याच्या तोंडाशी तर लागोपाठ माणसं गेली, ते दिवस मला आठवतात, अंधार पडला की पोरांना आत घ्यायचे. तेव्हा एकच खातं एकटंच काम करत होतं आणि त्याच्याकडे एकच हत्यार होतं, पिंजरा. पकडायचा आणि दुसरीकडे नेऊन सोडायचा. जुन्नरमध्ये वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांनी जो अभ्यास केला त्यातून दिसलं की असं उचलून सोडल्याने हल्ले कमी होत नाहीत, उलट वाढतात, कारण अनोळखी जागेत टाकलेलं जनावर बिथरतं आणि रिकाम्या झालेल्या जागेत नवीन जनावर येतं. मग २०११ पासून वन खातं, अभ्यासक, मुंबईकर स्वयंसेवक असे एकत्र आले, पोलिसांना गर्दी कशी आवरायची ते शिकवलं, पत्रकारांबरोबर बसले, वस्त्यांमधून फिरले, कचऱ्याचं सांगितलं. पार्क आणि आरेच्या परिसरात २०१५ च्या मोजणीत ३५ बिबटे सापडले, २०१८ च्या मोजणीत ४७. बिबटे कमी न होता माणसं मरण्याचं प्रमाण खूप खाली आलं. कशामुळे? ताबा बदलला का? नाही. बिबट्या होता वन खात्याचाच, पण त्याचं जेवण महापालिकेचं होतं, कारण इथला बिबट्या भरपूर कुत्री खातो आणि कुत्री कचऱ्यावर जगतात. आणि बघ्यांची गर्दी पोलिसांची होती. हे तिघांना एकमेकांच्या तोंडावर कबूल करावं लागलं, तेव्हा फरक पडला.

इथे एक प्रामाणिक अपवाद सांगतो. जनावर घरात शिरलंय, खाली दोनशे माणसं मोबाइल घेऊन उभी आहेत, अशा वेळी करारबिरार काही नाही, एकाचाच हुकूम चालला पाहिजे आणि तो बेशुद्धीची बंदूक हातात असणाऱ्याचा. आग लागल्यावर फायर ब्रिगेडशी चर्चा करत नाहीत. माझं बोलणं आग नसतानाच्या तीनशे चौसष्ट दिवसांबद्दल आहे.

बरं, ताब्याची लढाई जिंकल्यावर काय होतं याचं उदाहरण अमेरिकेतलं आहे, आणि ते आपल्यासारखंच आहे. तिथे राष्ट्रीय जंगलांची जमीन केंद्राच्या वनसेवेची, पण त्यावरचे प्राणी आणि मासे बघायचं काम परंपरेने राज्यांचं. अ‍ॅरिझोनात कायबाब नावाचं पठार आहे, तिथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हरणांना संरक्षण दिलं आणि लांडगे, प्यूमा वगैरे मारून काढले. हरणं इतकी वाढली की १९२० च्या दशकात झाडपाला संपला आणि ती उपाशी मरायला लागली. वनसेवेने जंगल वाचवायला हरणं मारायचं ठरवलं, तर राज्याने त्या शिकाऱ्यांनाच आपल्या शिकार कायद्याखाली अटक केली! एकाचं जंगल, दुसऱ्याचं हरीण. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, १९२८ साली केंद्र जिंकलं, जमीन वाचवण्यासाठी तुम्ही हरीण मारू शकता असं ठरलं. संपलं का भांडण? नाही. १९६० च्या कायद्यात त्यांना परत लिहावं लागलं की राष्ट्रीय जंगलांवर वन्यप्राणी आणि मासे हाही एक उद्देश आहे, पण राज्यांचे त्याबाबतचे अधिकार आम्ही काढून घेत नाही. आणि १९७४ साली कायदा वाढवून सांगावं लागलं की वनसेवेने राज्यांच्या खात्यांबरोबर बसून योजना करायच्या. कोर्टात जिंकून चाळीस-पन्नास वर्षांनी शेवटी टेबलावरच यावं लागलं. तिथे सगळं गोड चाललंय असं मी म्हणत नाही, लांडग्यावरून आजही जुंपते त्यांची. पण 'कोणाचं' हा प्रश्न सुटल्यावरसुद्धा 'कसं' हा प्रश्न तसाच बसून असतो एवढं त्यातून कळतं.

आपल्याकडे एवढ्या लांब जायचीही गरज नाही. पेंचचं तोतलाडोह धरण, अर्धं पाणी मध्य प्रदेशात, अर्धं महाराष्ट्रात, दोन्हीकडे वाघांचं जंगल. मध्य प्रदेशाने विस्थापित आदिवासींना मासेमारीचे ३०५ परवाने दिले, त्यावरून प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. १९९७ साली कोर्टाने परवाने रद्द केले नाहीत, अटी घातल्या. फोटोचं ओळखपत्र, बेटांवर जायचं नाही, चूल पेटवायची नाही, किती मासे काढले त्याची नोंद. म्हणजे बघा, धरणाने उठवलेला माणूस, वन खातं, मासे आणि दोन राज्यं यांनी आपापसात जे लिहायला हवं होतं ते शेवटी न्यायाधीशांना बसून लिहावं लागलं. न्यायाधीशांनी चुली कुठे पेटवायच्या ते ठरवायचं, ही काय वेळ आणली आपण त्यांच्यावर?

किंवा मालवण. १९८७ साली २९ चौरस किलोमीटरचं सागरी अभयारण्य नकाशावर आखलं. तिथल्या मच्छीमारांना नीट विचारलं नाही, मासे बघणाऱ्या खात्याचा आणि अभयारण्य बघणाऱ्या खात्याचा मेळ नाही. मच्छीमार विरोधात गेले ते गेलेच आणि अभयारण्य बरंचसं कागदावर राहिलं. अधिकार होता, अधिसूचना होती, हद्द होती, फक्त समुद्रात उतरणारा माणूस बरोबर नव्हता.

आता दुसरा मोठा आक्षेप, जो ऑफिसात नोकरी केलेल्या प्रत्येकाच्या मनात येणार. सहकार्य, समन्वय हे सगळं म्हणजे मीटिंग हो! समन्वय समिती, उपसमिती, चहा, बिस्किटं, इतिवृत्त, पुढची तारीख. शंभर टक्के खरं. मी स्वतः तीस वर्षं फायली हलवल्या आहेत आणि 'समन्वय' हा शब्द आला की समजायचं काम कोणीच करणार नाहीये. म्हणून मी समिती म्हणतच नाहीये, मी करार म्हणतोय, आणि फरक कुठे पडतो ते एका योजनेत दिसतं, जिच्याबद्दल मुंबईत फार कमी लोक बोलतात.

डिसेंबर २०१८ मध्ये कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय खात्याने मिळून ठरवलं की जाळ्यात कासव, डॉल्फिन, व्हेल शार्क असा संरक्षित प्राणी अडकला आणि मच्छीमाराने जाळं कापून त्याला जिवंत सोडला, तर जाळ्याची भरपाई द्यायची, जास्तीत जास्त २५ हजार रुपये. पुरावा काय, तर सोडतानाचे फोटो. बस. आता यातली अक्कल बघा. आधी काय व्हायचं? जाळ्यात कासव आलं की तांडेलाच्या, म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखाच्या, पोटात गोळा. वन खात्याला कळलं तर गुन्हा, जाळं कापलं तर हजारोंचं नुकसान, म्हणून गुपचूप काय ते करून मोकळं व्हायचं आणि तोंड बंद ठेवायचं. वन खात्याकडे कायदा होता पण समुद्रात डोळे नव्हते. मत्स्य खात्याकडे बोटींची नोंद होती, मच्छीमार सोसायट्यांशी बोलणं होतं, पण कासव हा त्यांचा विषय नव्हता. दोघांपैकी एकट्याने हे शंभर वर्षं केलं असतं तरी जमलं नसतं. दोघांनी मिळून एक रक्कम, एक पुरावा, एक अर्ज ठरवला आणि ज्या माणसाला आरोपी धरायचे तोच मोबाइल काढून फोटो पाठवायला लागला. दमडीचा ताबा इकडचा तिकडे गेला नाही. कोणाला प्राधिकरणाचा अध्यक्ष केलं नाही, कोणाला लाल दिवा मिळाला नाही. त्यात कमी आहेच, मोठ्या जाळ्याला २५ हजार पुरत नाहीत, आणि सरकारी पैसा म्हटलं की वाट बघणं आलं. पण 'कसं' या प्रश्नाला दिलेलं उत्तर असं असतं.

तिसरा आक्षेप पर्यावरणवाल्या मित्रांचा आहे आणि तो मला सगळ्यात जास्त छळतो. ते म्हणतात, मासेवाल्या खात्याला खुर्ची दिलीस की त्यांच्या मागून मोठ्या पर्ससीन जाळ्यांनी आणि एलईडी दिव्यांनी मासे ओढणारे, मोठे ट्रॉलरवाले येऊन बसणार. आरेवाल्यांना दिलीस की मेट्रो येणार. २०१९ च्या ऑक्टोबरमधली ती रात्र विसरलास का, कोर्टाचा निकाल आला आणि काही तासात मेट्रोच्या कारशेडसाठी आरेत करवती सुरू झाल्या, सुप्रीम कोर्टाने थांबवेपर्यंत दोन हजारांवर झाडं गेली होती. नाही विसरलो. आणि त्यांची भीती खरी आहे, करार म्हणजे देवाणघेवाण, आणि देवाणघेवाणीत जो दुबळा तो आधी विकला जातो, इथे दुबळा म्हणजे जो बोलत नाही तो.

पण माझं उत्तर असं. करार कायद्याच्या वर नसतो, खाली असतो. पहिल्या परिशिष्टातला प्राणी कराराने मारता येत नाही, कांदळवन कराराने तोडता येत नाही, तो ओटा आधीच बांधलेला आहे. मी बोलतोय ते ओट्यावर काय मांडायचं त्याबद्दल. आणि खुर्ची न दिल्याने ते लोक येत नाहीत हा भ्रम आहे, ते मागच्या दाराने येतात. २००१ सालीच काय झालं? केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने व्हेल शार्कपाठोपाठ सरसकट सगळ्या मुशी (शार्क) आणि पाकट (रे) जातींना बंदीच्या यादीत टाकलं. किनाऱ्यावरचा गरीब माणूस जी मुशी रोज विकतो ती एका सहीने गुन्हा झाली. आरडाओरडा झाला आणि त्याच वर्षाच्या शेवटी यादी आकसून दहा जातींवर आली. आधीच मासे ओळखणाऱ्यांना बसवून विचारलं असतं तर कदाचित वीस जाती टिकल्या असत्या, कोणास ठाऊक. कडक दिसायच्या नादात मागे यावं लागलं. आणि आरेचं म्हणाल तर तिथे झालं ते सहकार्याने झालं नाही. तिथे एका खात्याकडे जमीन होती, एका ठिकाणहून झाडांची परवानगी आली, आणि जंगल समजणाऱ्याला कोणी विचारलंच नाही कारण कागदावर ते जंगलच नव्हतं. २०२० साली त्यातली ८१२ एकर जागा राखीव वन करायचं ठरलं, चांगलं झालं. पण कुंपणाच्या अलीकडचा बिबट्या राखीव आणि पलीकडचा गोठ्यामागचा, हे त्याला कोण सांगणार?

परवा स्टेशनबाहेर मावशी बसल्या होत्या, नेहमीच्या, निवट्यांचे वाटे लावून, आणि बाजूला सात-आठ चिंबोऱ्या, नांग्या सुतळीने बांधलेल्या. अमावस्या जवळ आली होती म्हणून मी विचारलं भरलेल्या आहेत का. त्यांनी एक उचलून पोटाकडून दाबून दाखवली, बोटाखाली पोट दबलं. "पोकळ हाय भाऊ, खोटं नाय सांगत, पाण्यालाच वास येतो आता." घरचे अजून पाग (फेकायचं जाळं) घेऊन जातात का विचारलं तर म्हणाल्या, जातात, पण चिखलात इंजिन रुततं, आणि कांदळात होडी घातली की कोण तरी ओरडतं, कोण ते माहीत नाही, कधी खाकीतला, कधी साध्या कपड्यातला. तक्रार कोणाकडे करता? त्या हसल्या फक्त, आणि एक वाटा जास्तीचा टाकला. माझे तीन फोन आणि त्यांचं हे हसू, एकच गोष्ट आहे.

या खाडीसाठी मला हवाय तो कागद दोन पानांचा आहे. कांदळवन कक्ष, मत्स्यव्यवसाय खातं, दोन्ही काठांच्या महापालिका, प्रदूषण मंडळ. होडीच्या वाटा कुठल्या, त्या गाळातून मोकळ्या कोणी ठेवायच्या आणि वर्षातून कधी, म्हणजे पक्षी नसतील तेव्हा. कुठल्या पाड्याचा, कुठल्या कोळीवाड्याचा माणूस कुठे जाळं टाकू शकतो, त्याचं एकच ओळखपत्र जे खाकीवाला आणि साध्या कपड्यातला दोघंही मानतील. पाण्याची तपासणी कोण करतं आणि आकडे मराठीत जेट्टीवर लागतात का. फ्लेमिंगो मोजणारे आणि मासे मोजणारे एकाच ओहोटीला, एकाच ठिकाणी मोजतात का, कारण आज दोघांचे आकडे शेजारी ठेवून बघायची सोयच नाही. पैसे कोणाच्या हेडमधून. आणि सगळ्यात शेवटी प्रत्येक खात्याचा एक माणूस, पदनामासकट, ज्याला हे झालं नाही तर वर्षाअखेर उत्तर द्यावं लागेल. असाच एक कागद विहारसाठी, असाच आरेच्या कडेच्या सोसायट्या आणि पाड्यांसाठी, त्यात कचऱ्याची गाडी किती वाजता येणार इथपर्यंत. हे छोटं वाटतं ना? पण २००४ नंतर बिबट्याच्या बाबतीत जे सावरलं ते अशाच छोट्या गोष्टींनी, फक्त तेव्हा ते माणसांच्या चांगुलपणावर चाललं, एखादा अधिकारी चांगला होता म्हणून. अधिकारी तीन वर्षांनी बदलून जातो, मग पुढचा आला की परत पहिल्यापासून ओळखपाळख.

हे सगळं मी अर्धं-मुर्धं ग्रुपवर टाकलं तर एकाने विचारलं, काका, मग सही करायची कुठे? म्हणून मी एक वेगळा कागद केला, फक्त आमच्या मागच्या गेटपुरता आणि खाडीपुरता, पाच मागण्या, वर चारही ऑफिसांचे पत्ते एकाच पानावर, म्हणजे प्रत्येकाला कळेल की बाकीच्या तिघांना पण गेलंय. 'एकच प्राधिकरण'वाल्या अर्जावर आमच्या कॉम्प्लेक्समधून तीनशेच्या वर सह्या झाल्या. माझ्या कागदावर काल रात्रीपर्यंत अकरा आहेत, त्यातली एक वॉचमन काकांची आणि एक मावशींचा अंगठा. सोमवारी चारही ठिकाणी स्वतः जाऊन पोच घेणार आहे.